पन्हाळीतली टकटक

माय नांदेडला माझ्याकडे कायमची राहायला यायला तयार झाली, तेव्हा मला आधी ते खरंच वाटेना. लेकीच्या घरी राहणं आमच्याकडे अजूनही कुणाला सहजासहजी पटत नाही. चार दिवस पाहुणी म्हणून ठीक. पाचव्या दिवसापासून बाई जावयासमोर पदर सारखा करत बसते, भाकरी अर्धीच खाते आणि कॅलेंडरकडे बघत राहते. पण वडील गेल्यावर माय गावात एकटीच होती, मी एकुलती एक, आणि मागच्या वर्षी अंगणात घसरून तिचं मनगट मोडलं. मनगट जुळेपर्यंत मी तिच्याशी भांडले, जुळल्यावरही भांडले. शेवटी ती म्हणाली, "येते बाई, तोंड बंद कर."

तिची अट एकच होती. स्लॅबखाली झोपणार नाही.

आम्ही किल्लारीचे. मराठवाड्यात एवढं सांगितलं की पुढचं समोरच्याला समजतं. मी चौथीत होते. भूकंप झाला आणि दगडामातीची, माळवदाची घरं झोपलेल्या माणसांवर येऊन बसली. आम्ही तिघं वाचलो. माझी काकी वाचली नाही. पुढे नवं गाव वसलं, नवी घरं मिळाली, पण माय कधी त्या घरात निजली नाही. घरापुढे पत्र्याचं एक सपार होतं, तिथे तिची बाज. थंडी असो, पाऊस असो, ती तिथेच. घरात स्वयंपाक करायचा, देवपूजा करायची, पाहुण्यांना बसवायचं आणि झोपायला बाहेर. गावात तिच्यासारखी बरीच माणसं होती, त्यामुळे कुणाला त्याचं नवल नव्हतं. नवल वाटायचं ते माझ्या सासरच्यांना.

माझा नवरा रेल्वेत आहे. माणूस कमी बोलतो, त्यामुळे घरातलं बोलण्याचं सगळं काम माझ्याकडेच आलं आहे. त्याने मायची अट ऐकली आणि दोन दिवसांनी गच्चीवर गवंडी घेऊन आला. गच्चीवर एक खोली उठवली, विटांच्या पातळ भिंतींची, आणि वर पत्रा टाकला. पत्र्याला पन्हाळ लावली. पन्हाळीतलं पाणी उतरायला एक जाड प्लॅस्टिकचा पाईप, तो मायच्या उशाकडच्या भिंतीला बाहेरून टेकून खाली येणारा, आणि पाईपाच्या तोंडाखाली निळं टिपाड. खोलीला जायला बाहेरून लोखंडी जिना. माय आली, तिने वर बघितलं, पत्र्यावर काठीने एकदा ठोकून पाहिलं आणि जावयाला म्हणाली, "लई चांगलं केलंत." हे तिचं जावयाशी बोललेलं सर्वांत लांब वाक्य असेल.

उन्हाळा बरा गेला. ती वर झोपायची, सकाळी खाली येऊन मेथी निवडायची, माझ्या शाळेच्या मुलांना नावं ठेवायची. मी विज्ञान शिकवते आणि घरी आल्यावर वैतागलेली असते, त्यामुळे नावं ठेवायला आम्ही दोघीही तयार. भाकरी ती आता पूर्ण खात होती. मी मनातल्या मनात जिंकले होते.

पावसाळा लागला आणि पंधरवड्यात सगळं फिरलं.

एका सकाळी ती खाली आली. चहा घेतला, कप धुतला आणि म्हणाली, "भितीत कोनीतरी ठोकून राहिलंय."

मी म्हटलं, शेजारचे असतील. ती म्हणाली, न्हाई. नवऱ्याने वर जाऊन भिंत पाहिली, पत्र्याचे नट घट्ट केले, खिडकीची कडी बांधली. दुसऱ्या दिवशी तेच. संध्याकाळी जेवून ती वर गेली की थोड्या वेळाने हाक यायची. मी जिना चढून जायची, दिवा लावायची, ऐकायची. काहीच नाही. "आत्ता व्हतं," ती म्हणायची. मी पुन्हा खाली. असं आठ-दहा वेळा झालं असेल. माझा जिना चढण्याचा आवाज दिवसेंदिवस मोठा होत गेला, कारण मी तो रागाने चढत होते.

मला जे वाटत होतं ते असं, की तिला जावयाच्या घरी राहायचं नाही आणि सरळ सांगता येत नाही, म्हणून तिने हा आवाज काढला आहे. आमच्याकडच्या बायका असंच करतात. हवा मानवत नाही म्हणतात, पाणी जड आहे म्हणतात, स्वप्नात देव आला म्हणतात. भिंतीत कोणी ठोकतंय हे निमित्त जरा नवीन होतं, एवढंच. नवऱ्याला मात्र वेगळीच काळजी लागली. तो मायला मामी म्हणतो. मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन म्हणाला, "मामींना खरंच ऐकू येत असेल तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे आवाज नसताना."

निमित्त असतं तर मी भांडून मोडलं असतं. हे दुसरं भांडून मोडणारं नव्हतं. कानाच्या डॉक्टरांनी कान तपासले, उत्तम आहेत म्हणाले. मग त्यांनीच मेंदूच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं, अगदी सौम्यपणे, वयाचा उल्लेख करून. दवाखान्यातून परत येताना रिक्षात माय माझ्याकडे बघत होती आणि मी बाहेर. तिला सगळं कळलं होतं. घरी आल्यावर ती वर गेली आणि आपली लुगडी घडी घालून पिशवीत भरायला लागली.

"रविवारच्या गाडीनं जाते," ती म्हणाली. "लातूरला उतरून जीप मिळती. गावाकडं मोकळ्यात ऐकू येत न्हाई मला काई."

शुक्रवारी संध्याकाळी मी वर गेले ती भांडायलाच. पाऊस नुकताच थांबला होता. मोडलेलं मनगट, एकटं घर, रात्री पाणी द्यायला कोणी नाही, सगळं मी एका दमात बोलले. माय बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. माझं संपल्यावर ती म्हणाली, "झालं? आता दिवा मालव. बसू नगं, नीज हितं. आन् हलू नगं."

मी दिवा मालवला आणि तिच्या शेजारी आडवी झाले. केव्हापासून मी तिच्याजवळ अशी झोपले नव्हते कुणास ठाऊक. तिच्या लुगड्याला कडुलिंबाचा वास येत होता. पत्र्यावरून थेंब गळत होते, ते हळूहळू थांबले. माझा राग उतरत गेला आणि मला डुलकी यायला लागली, तेवढ्यात भिंतीतून आवाज आला.

टक. थोडं थांबून, टक टक टक टक.

कोणी बोटाच्या पेराने दारावर वाजवावं तसा. स्पष्ट, कोरडा, आमच्या उशाशी. मी श्वास धरला. पुन्हा आला.

मला इतकं हायसं वाटलं की मी मोठ्याने हसले. भिंतीत काय आहे याची भीती वगैरे वाटायला हवी होती, पण नाही वाटली. माझी माय शुद्धीवर होती. तिचं डोकं, तिचे कान, सगळं जागेवर होतं. मी हसल्याबरोबर आवाज बंद झाला.

"माय, मला आलं ऐकू."

ती झटकन उठून बसली. "खरं?"

"खरं. टकटक. मला आलं."

अंधारात तिने माझा हात शोधला आणि धरला. मी हात सोडवून आवाजाचा शोध घ्यायला उठणार होते, पण तिची पकड काही सैल होईना. मग ती बोलायला लागली. मला जे वाटत होतं की मायबद्दल सगळं माहीत आहे, ते त्या वेळी संपलं.

भूकंपाच्या दिवशी तिने मला आणि वडिलांना बाहेर काढलं आणि ती काकीच्या खोलीकडे धावली. तिथे खोली नव्हती, दगडांचा ढीग होता. त्या ढिगाखालून आवाज येत होता. "तिच्या हातात तांब्या व्हता का काय की. दगडावर ठोकून राहिली व्हती. टक टक टक. थांबायची, परत ठोकायची. मी वरून म्हनायची, आले गं, आले. हातानं दगड निघंनात. मानसं पहार आनाया गेली. पहार आली तवर ठोकनं थांबलं."

हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. वडिलांनाही नाही, काकांनाही नाही. काकांना तर मुळीच नाही. ते त्या रात्री परगावी होते, आणि परत आल्यावर बायको लगेच गेली, तिला काही कळलंच नाही, असंच त्यांना सगळ्यांनी सांगितलं होतं.

"मोकळ्यात निजलं की भीत नसती," माय म्हणाली. "भीत नसली की ठोकनं नसतं. हितं भीत आली तशी ती बी आली."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि पुन्हा टकटक होऊ नये अशी मनापासून प्रार्थना करत राहिले. पण ती पुन्हा झाली, चांगला बराच वेळ.

सकाळी उजाडताच मी खोलीभोवती फिरले. भिंतीला भेग नाही, भोक नाही. मग टिपाडात डोकावले आणि पाण्याच्या वर, टिपाडाच्या आतल्या कडेला, पांढऱ्या फेसाचा एक गोळा चिकटलेला दिसला, मुठीएवढा. माझं टाळकं सरकलं. नवरा कधीकधी वरच्या मोरीत दाढी करायला येतो. मी वरूनच ओरडले की दाढीचा फेस पावसाच्या पाण्यात टाकायची ही कुठली पद्धत. तो गालाला साबण लावलेल्या अवस्थेत वर आला, फेसाकडे पाहिलं, आपल्या गालाला हात लावून पाहिला आणि म्हणाला, "हा माझा नाही." मी काडीने टोचून पाहिलं. साबणाचा फेस बसतो, हा बसत नव्हता. वरून सुकून घट्ट झाला होता, आत ओला आणि चिकट होता, आणि त्यात साबुदाण्यासारखे फिके दाणे होते.

माझ्याबरोबर बी.एस्सी.ला असलेली एक मैत्रीण कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. तिला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन आला, आणि तिच्या आवाजात असा आनंद होता, जणू मी तिला लग्नाची बातमी कळवली होती.

"अगं, झाडबेडकाचं घरटं आहे ते! हात लावू नकोस."

तिने सांगितलं ते मी उभ्यानेच ऐकलं. हा बेडूक पाण्यात राहत नाही, झाडावर राहतो, आणि झाड नसेल तर आपल्या घरात. बोटांच्या टोकांना गोल चकत्या असतात, त्यामुळे काचेवरसुद्धा चढतो. उन्हाळाभर कुठल्यातरी ओलसर फटीत पाय पोटाशी घेऊन बसतो, अंगाचा रंग फिका करून भिंतीत मिसळून जातो. पाऊस पडला की संध्याकाळी नर बोलायला लागतात. त्यांचं डरावणं नसतं, टकटक असते. मादी आली की ती पाण्याच्या वर जागा बघते, अंगातून पातळसर स्राव सोडते आणि मागच्या पायांनी ढवळून ढवळून त्याचा फेस करते. अंडी त्या फेसात. वरचा थर वाळतो, आतला ओला राहतो. काही दिवसांनी फेस खालून सैल होतो आणि शेपटीवाली पिल्लं थेट पाण्यात टपकतात.

"आणि आवाज भिंतीतून का येतो?" मी विचारलं.

"जवळ पाईप आहे का एखादा?"

मी पाईपाकडे पाहिलं. तो मायच्या उशाच्या भिंतीला अंगभर टेकून उभा होता.

"मग त्यात बसून बोलत असेल. आवाज घुमतो ना, माद्यांना लांबून ऐकू जातो. आणि पावलांचा धक्का लागला की गप्प होतात ते."

लोखंडी जिना. मी रोज धाडधाड चढून त्याला गप्प करत होते, आणि जी बाई न हलता पडून राहायची तिला तेवढा ऐकू येत होता. माझा जीव अगदी भांड्यात पडला. धावत जाऊन मी मायला सगळं सांगितलं. बेडूक आहे, माय, बेडूक. साधा बेडूक. पाईपात बसून बायकोला बोलावतोय.

मायने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजी अडकलंय ते पाईपात."

"अडकलेलं नाही गं. तो स्वतःहून जातो, स्वतःहून येतो."

"अडकलं नसंल तर ठोकंल कशाला?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते तिच्या कामाचं नव्हतं. ती जावयाकडे वळली आणि पहिल्यांदाच त्याला सरळ काम सांगितलं. "जावईबापू, त्यो पाईप काढा. त्याला भाईर काढा."

नवरा पाना आणायला निघाला. मी त्याला जिन्यात अडवलं. पाईप खोलून बेडूक काढला असता, तर मायच्या दृष्टीने तो अडकलेलाच ठरला असता, आम्ही पहार घेऊन वेळेवर पोचलो एवढंच. पुढच्या पावसाळ्यात दुसरा आला असता. मला वाटलं, तिने त्याला आपणहून बाहेर येताना बघावं. तो येईल की नाही याची खात्री मला नव्हती, आणि रविवारची गाडी सकाळची होती. शनिवारची एक संध्याकाळ तेवढी हातात होती. नवरा म्हणाला, "नाही आला तर?" मी म्हटलं, "मग पाना." दिवसभर मला धड जेवण गेलं नाही.

दुपारी झोप येईना म्हणून मी फोनवर बेडकांबद्दल वाचत पडले. वाचता वाचता कुठून कुठे गेले. आफ्रिकेच्या कडेला समुद्रात एक छोटं बेट आहे, गर्द जंगलाचं. तिथे लव्हाळ्यातल्या बेडकांच्या कुळातली एक जात आहे, पोटाकडून नारिंगी, जगात दुसरीकडे कुठेच नाही. तो बेडूक ओढ्याकाठी जात नाही. उंच झाडाच्या ढोलीत पावसाचं पाणी साठतं, तेवढंच त्याचं तळं. मादी ढोलीच्या आतल्या भिंतीला, पाण्याच्या जरा वर, अंडी चिकटवते. पिल्लं खाली त्या ओंजळभर पाण्यात पडतात आणि तिथेच वाढतात. इतक्या मोठ्या समुद्राच्या मध्ये राहून त्याला भरवसा वाटतो तो चार बाजूंनी बंद असलेल्या पोकळीचा. आमच्या गच्चीवरच्या बेडकाला ढोली मिळाली नाही, त्याने पाईप धरला. मला ते वाचून बरं वाटलं. भिंतींवर इतका विश्वास टाकणारं कोणीतरी आहे हे मायला कसं सांगावं, ते मात्र सुचलं नाही.

दिवस मावळायच्या आधीच आम्ही तिघं वर जाऊन बसलो. एकदा बसल्यावर हलायचं नाही असं ठरलं. नवऱ्याला ते सोपं होतं. मला बोलायचं नाही हे जमेना, तेव्हा मायने माझ्या मांडीवर चापटी मारली. दुपारी एक सर येऊन गेली होती, हवा ओली होती. अंधार पडायला लागला. शेजारच्या गच्चीवरचा दिवा लागला आणि त्याचा उजेड तिरपा आमच्या टिपाडावर आला.

पाईपात टकटक सुरू झाली. माय ताठ झाली. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. ती वरून काकीला म्हणायची तेच म्हणत असावी.

टकटक थांबली. बराच वेळ काही नाही. मी मनात म्हटलं, गेलं सगळं, आता पाना.

मग पाईपाच्या तोंडाच्या कडेवर दोन बोटं दिसली. टोकाला गोल चकत्या असलेली. मग आणखी दोन. मग एक तपकिरी, चपटं तोंड आणि मोठाले डोळे. तो कडेवर थोडा वेळ थबकला, आम्हा तिघांना त्याने हिशेबात धरलं नाही, आणि सावकाश, एकेक पाय टाकत, पाईपाच्या बाहेरच्या अंगाने वर चढला. घाई नाही, धडपड नाही. मागचा पाय लांबवला तेव्हा मांडीच्या आतले पिवळे ठिपके दिसले. आम्हा सगळ्यांसमोर तो भिंतीवर स्थिर झाला, गळ्याखालची पिशवी फुगवली आणि बोलला. टक. टक टक टक.

उघड्यावर तो आवाज अगदीच लहान होता.

"ह्योच?" माय कुजबुजली.

"हाच."

"आपल्या पायानं आला."

"हो."

"कुनी काढलं न्हाई त्याला."

"कुणी नाही, माय."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो बोलत होता तेवढा वेळ ती बघत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते ती पुसत नव्हती, कारण हलायचं नाही असं ठरलं होतं. मग बेडकाने भिंतीवरून उडी मारली आणि तो शेजारच्यांच्या पेरूवर दिसेनासा झाला. मी तिला काही विचारलं नाही. लुगड्यांच्या पिशवीचंही नाही, गाडीचंही नाही. नवरा हळूच उठला, जिन्यावर आवाज होऊ नये म्हणून चपला हातात घेऊन खाली गेला.

रविवारी मी लवकर उठले. गाडी गाठायची असेल तर मायला दशम्या करून द्यायला हव्या होत्या. चहा टाकला, कणीक भिजवली, तिची वाट पाहिली. ती काही खाली आली नाही, म्हणून मी अनवाणी जिना चढून गेले.

आमचा भूकंप पहाटे झाला होता. तेव्हापासून कधीही पहाटे डोळा उघडला की मला माय जागी दिसायची, बाजेवर पाय खाली सोडून बसलेली, उजाडायची वाट बघत. लहानपणी मला वाटायचं की आया झोपतच नाहीत. त्या रविवारी ऊन खिडकीतून तिच्या पांघरुणावर आलं होतं आणि ती भिंतीला पाठ लावून, तोंड जरासं उघडं ठेवून, गाढ झोपली होती. मी दारात उभी राहून बघत राहिले. मग खाली येऊन चहा गाळला आणि नवऱ्याला म्हटलं की गाडीचं राहू दे, तिला उठवू नकोस.